हँडलाच्या पट्टीचा रंग

कोल्हापूर,
ता. ११ जानेवारी २००४

ज्ञानू भावजींस तानाबाई वहिनीचा नमस्कार, आणि वयानं मोठी असल्यामुळं आशीर्वादबी.

इकडं समदी बरी हायत. माझा डावा गुडघा तेवढा बरा न्हाय, तवा "सर्व क्षेम" लिवलं तर खोटं हुईल. तुमच्या साखरंचं काय? पेठ वडगावच्या बाजारातनं येणारी माणसं सांगत्यात, डॉक्टरनं बंदी घातली तरी च्यात दोन चमचं घालता म्हणून. घाला. (मी चौथीपतोर शिकलेली, अक्षराला नावं ठेवू नका. तुम्ही सातवी पास, आन् आठ वर्सांत एक कार्ड न्हाय.)

पत्राला कारण सायकल. तीच. तुमच्या दादांची शर्यतीची, मेंढ्याच्या शिंगागत खाली वाकल्याल्या हँडलाची. घेतली त्यांनी, पळवली तुम्ही आन् पुसली मी. त्यांच्या तेराव्याला तुम्ही ती मागितलीसा, मी म्हणाले आधी ताटातलं तरी गिळा, तर तुम्ही पोळी टाकून उठलासा ते आजपतोर ह्या दारात न्हाय. पोळी म्हशीला घातली. तिची काय तक्रार न्हवती.

तर आमच्या बाळासोनं (तुमचा पुतण्या, कागलच्या एमआयडीसीत लेथवर असतोय, चाळिशी आली) दिवाळीत ती कडब्याखालनं भायेर काढली. राकेलनं गंज काढला, चाकाच्या तारा नव्या घातल्या, नळीला रंग दिला, आन् कामावरनं आला की जेवायच्या आधी तिच्याफुडं बसाय लागला. सूनबाई म्हणती, माझ्या बाळंतपणात एवढी चौकशी न्हवती. समदं झालं, ऱ्हायली फकस्त पट्टी. हँडलाला गुंडाळत्यात, हात घसरू नये म्हणून, ती. पट्टी झाली की सायकल सोप्यातल्या भितीवर टांगायची, दादांच्या फोटोशेजारी, म्हणून त्यानं कारखान्यातनं दोन लोखंडी हूकबी करून आणल्यात. मी म्हणाले भितीवर एक हार घातल्यालं हाय तेवढं बास हाय. तो म्हणाला, "आई, ही दादांची आठवण हाय." आठवणीला हवा भरावी लागत न्हाय, म्हणून माणसं ती भितीवर ठेवत्यात.

आता पट्टीचा रंग कंचा, हे ठरवाय त्यानं फोटो खाली उतरवला. लगीन झाल्यावर काढलेला, मी खुर्चीवर, ह्ये सायकल धरून हुबं. फोटो काळा-पांढरा, पण स्टुडिओवाल्यानं वरनं हातानं रंगवून दिल्याला. बाळासोनं भिंग लावून बघितलं आन् पट्टी हिरवी ठरवली. हिरवी गावात मिळंना, म्हणून पुण्यासनं कुरिअरनं आणवली. खरं सांगायचं तर त्या स्टुडिओवाल्याच्या बशीत हिरवा रंग लई उरल्याला. त्यानं माझं निळं लुगडं हिरवं केलं, कुंडीतलं झाड हिरवं केलं आन् ब्रश धुवायच्या आधी हँडलबी उरकलं. ह्यांच्या व्हटाला लाली लावली, ती येगळीच. उभ्या जन्मात पान खाल्लं न्हाय त्या माणसानं. मी आपली तांदूळ निवडत ऱ्हायले. पट्टी गुंडाळून झाल्यावर सूनबाई म्हणाली दोन दोडकं लोंबत्यात. बाळासोनं सांजच्याला सोडून टाकली.

मग त्येच्या डोस्क्यात चामडं शिरलं. चप्पल करणाऱ्या आण्णांकडं गेला आन् सांगून आला, भारीतलं करा, कापशी चपलंगत. आण्णांनी आठ दिस घेतलं. येणी घातली, तेल पाजलं, काम असं की नजर ठरू नये. आन् भारीतलं सांगितलंय म्हणल्यावर त्यांनी आतनं करकर वाजायचा विंचूबी बसवला, जसा चपलंच्या तळात बसवत्यात. दोन्ही मुठीत एकेक.

बाळासो गल्लीतनं निघाला. मूठ दाबली की कर्र, सोडली की कर्र. कोपऱ्यावर पोरं चिलटागत बसल्याली, ती मागं कोण पैलवान आला म्हणून उठून हुबी ऱ्हायली. शेजारच्या बयाबाईनं डोक्यावर पदर घेतला, तिला वाटलं सासरा आला. (सासरा जाऊन तेरा वर्सं झाली, पण सवय.) आला आमचा बाळासो, घामाघूम, सायकलीवर. परत जाऊन आण्णांना म्हणाला आवाज काढा. आण्णांना लई लागलं. म्हणाले, "पावणं, ज्येला आवाज न्हाय त्यो माल माझ्या दुकानातनं भायेर पडत न्हाय. आवाज नको तर बाटाचं बूट गुंडाळा."

दुसऱ्या दिशी दुपारी बयाबाईचं कुत्रं आलं, तेलाच्या वासानं डावी बाजू निम्मी खाऊन गेलं. मग ती फकस्त उजवीकडनं वाजाय लागली. बाळासोनं तीबी उसवली, आन् हँडल पुन्ना नागडं झालं. रोज जेवताना इचारतोय, "पट्टी कंच्या रंगाची हुती, कुणाला तर ठावं असंल का न्हाय?" म्हणून तुम्हाला इचारते. तुम्ही धा-बारा शर्यती त्या हँडलावर वाकून मारल्यात, तुम्हाला आठवत असंल. रंग कळवा. दुसरं काय कारण न्हाय, आन् दुसरं काय समजू नका. धाकटीला आन् नातवंडास्नी आशीर्वाद.

तुमची वहिनी,
तानाबाई

ता.क. रंग कळवू नका. पांढरा हुता. सुती पट्टी हुती, दर शर्यतीनंतर सोडून मीच सोड्यात उकळत हुते, मला ठावं न्हाय तर कुणाला? बाळासोनं फोटूला इचारलं, आण्णांना इचारलं, मला न्हाय इचारलं. इचारलं असतं तरी सांगितलं नसतं. पट्टी झाली की हूक ठोकणार, आन् कुत्र्याला दार उघडून द्यायला मी रोज घरात असतेच असं न्हाय.

दुसरा ता.क. पांढरी पट्टी आणून पिठाच्या डब्यात ठेवलीया. पण ती खालनं वर गुंडाळायची का वरनं खाली, ते काम तुमचं, मला येत न्हाय. येत्या रविवारी बाळासो आन् सूनबाई तिच्या माहेरी राधानगरीला जाणार, सांजच्यापतोर येत न्हाईत. चाकात हवा भरून ठेवते. बाळासोचं मी बघून घेईन, सायकल माझ्या नवऱ्याची हाय, भितीची न्हाय.

तिसरा ता.क. एस्टीनं या. जातानाचं तिकीट काढू नका. चढ लागला तर उतरून चाला, अठ्ठावन्न वर्साच्या माणसाकडं कोण बघत न्हाय.