मुलाखतीतली आजी

प्रिय कल्याण,

फोन केला की 'आई, मीटिंगमध्ये आहे' म्हणतोस अन् कट करतोस, म्हणून लिहून राह्यले. शेजारचा मच्छिंद्र उद्या संभाजीनगरला निघालाय, त्याच्या हाती देते. तिसरीपर्यंत शिकलेल्या बाईचं अक्षर याहून सरळ यायचं न्हाई. पण शेवटपर्यंत वाच.

शनिवारी येऊन रविवारी बस धरणाऱ्या बापाला पोरीचं काय चाललंय ते दिसत न्हाई. शाळेतून आली, दोन घास गिळले, की शालू निघाली रीझनिंगच्या क्लासला. मोठ्या शाळेत सहावीला घालायचं म्हणून अकरा वर्षांच्या लेकराला चौकोनात त्रिकोण, त्रिकोणात टिंब, अन् पुढचं चित्र कोणतं ते ओळख. पुढचं चित्र मी सांगते, चष्मा.

मागं क्लासात गणित आल्तं. पाच बाया वावरातला कापूस चार दिवसांत वेचतात, तर दहा बाया किती दिवसांत? शालूनं हात वर करून विचारलं, मॅडम, पहिली वेचणी का दुसरी? तर मॅडमनी तिला आगाऊ म्हणून तासभर उभी केली. अरे, बराबरच विचारलं तिनं! भोकरदनच्या आपल्या वावरात माझ्या मागं मागं फिरलेली पोर ती. पहिल्या वेचणीला अर्धी बोंडं मिटलेली असतात, तिथं दहा बाया घालून काय बांधावर बसवायच्या? पण तुझ्या बायकोनं घरी आल्यावर पोरीलाच झापलं अन् 'दोन दिवस' असं वीस वेळा लिहून घेतलं. मी सुरेखाला बोलले, तर म्हणते, आई, तुम्हाला आजकालची स्पर्धा कळत न्हाई. बिलकुल कळत न्हाई. ज्याला येतं त्यालाच उभं करायचं, ही कसली स्पर्धा?

मंग मुलाखत आली. घरी कोण कोण, आवडता प्राणी कोणता, मोठी होऊन काय होणार, सगळं तुम्ही दोघांनी कागदावर लिहून तिच्याकडून घोकून घेतलं. मी तिथंच ज्वारी निवडत बसल्ते. इंग्रजीत होतं म्हणून मला उमगलं न्हाई, एवढंच. पण मुलाखतीहून आल्यापासून पोर माझ्याकडं बघेना. ताटात नुसतं बोट फिरवायची. मला वाटलं, मुलाखत अवघड गेली असेल. काल जवळ घेऊन विचारलं, तर हमसून रडायला लागली. म्हणाली, आजी, तू रिटायर टीचर आहेस असं मी सांगितलं, पप्पांनी पाठ करून घेतल्तं. सरांनी विषय विचारला, तो कागदावर नव्हता, मंग मी गणित म्हणले. आता तुला पकडलं तर मला काढून टाकतील का?

मला टीचर केलंस याचा राग न्हाई. आईची लाज वाटते तर वाटू दे, त्यानं माझी भाकर काही कडू व्हायची न्हाई. पण खोटं तुझं अन् भीती तिच्या पोटात, हे मी चालू देणार न्हाई. सोमवारी शाळेनं घरच्या सगळ्यांना बोलावलंय, 'शिक्षिका आजींना' मुद्दाम आणा म्हणून. सुरेखानं आतापासूनच तिची कडक साडी माझ्यासाठी काढून ठेवली अन् म्हणते, आई, घसा बसलाय म्हणायचं अन् गप बसायचं. माझा घसा ठणठणीत आहे, म्हणूनच हे पत्र. शनिवारी ये. पोरीला समोर बसवून सांग, की खोटं माझं होतं, तुझं न्हाई. अन् सोमवारी आत गेल्या गेल्या सरांना तूच खरं सांग. जागा गेली तर जाऊ दे, तिच्या आत्ताच्या शाळेतही सहावी आहे. तू न्हाई बोललास तर मी बोलेन, शालूला मांडीशी बसवून बोलेन. मंग तिच्याकडं कोणत्या तोंडानं बघायचं, ते तुझं तू ठरव.

तुझीच,
आई