मापापेक्षा कडक लोशन

माय, आज त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी माझे हात पाहिले आणि मला चांगलंच रागावलं. येता-जाता सॅनिटायझर चोळून बोटांना भेगा पडल्यात. म्हणाल्या, "आजी, कातडीवर आपले चांगले जंतू असतात, ते राखण करतात. त्यांनाच मारलंत की वाईट जंतूंना मोकळं रान." मला हसू आलं आणि तुझी फार आठवण आली.

अकोल्याच्या बायकांच्या दवाखान्यात तू दाई होतीस. आपण बौद्ध होऊन चार-सहा वर्षं झाली होती, पण बाळंतिणींच्या सासवांना त्याचं काय! बाळापूरकडची एखादी म्हातारी दारातच अडवायची, "हात धुतले का वं बाई?" ती जंतूंचं विचारत नाही, हे तुला बरोबर कळायचं. मग तू तिच्यादेखत पुन्हा हात धुवायचीस, कार्बोलिकचं लोशन मापापेक्षा कडक करून. हिवाळ्यात बोटं फुटली तरी तू ऐकेनास. "काहून एवढं धुतं, माय?" मी विचारायची. "नाई धुतले म्हणतीन ना त्या!"

शेवटी मोठ्या सिस्टरनी तुझे हात उलटेपालटे करून पाहिले. "बाई, अति तिथे माती. या भेगांत जंतू घर करतात, तुमच्याच हातून बाळंतिणीला ताप यायचा. हात बरे होईपर्यंत घरी बसा." तू चुलीपुढं बसून रडलीस. "जितल्या त्या म्हाताऱ्या," एवढंच म्हणालीस. परत घेतील की नाही या काळजीनं तुला घास उतरत नाही, आणि मी तुझ्या एकेका बोटाला कोमट जवसाचं तेल लावते आहे.

भेगा भरल्या, सिस्टरनी परत घेतलं. लोशन आता मापातच. पहिल्याच दिवशी एका सासूनं तोच प्रश्न केला, तर तू म्हणालीस, "धुतले. आता तुमीबी धुवा, लेकराले हात लावाच्या पैले." म्हातारी मुकाट्यानं नळावर गेली. घरी येऊन हे सांगताना तू पोट धरून हसलीस. मला तुझा इतका अभिमान वाटला की शाळेत सगळ्यांना सांगत सुटले.

तू असतीस तर पुढचं लिहायची माझी हिंमत झाली नसती. तू घरी होतीस तेवढेच दिवस मी तुझ्या हातची वेणी घालून शाळेत गेले. तू रडायचीस, आणि मी तेल लावता लावता मनात म्हणायची, एवढ्यात भरू नयेत या भेगा.