घुबडानं नेलेला दगड

आप्पा,

ऐकताय ना? बीडच्या दवाखान्यात बाकावर बसून लिहितेय. शेजारच्या बाईकडून पेन मागून घेतलाय. तुम्हाला जाऊन वरीस होत आलं, कधी पत्र लिहावंसं वाटलं नाही. पण आत्ता मायनं जे सांगितलं, ते ऐकल्यापासून माझं बूड बाकाला टेकेना झालंय. कुणावर तरी ओरडायचंय, आणि इथं मोठ्यानं ओरडता येत नाही. मग म्हटलं, तुमच्यावरच ओरडावं.

बाळूला आणलंय. तुमचा धाकटा. डिट्टो तुमच्यासारखा खोकतोय, आप्पा! सदरा खुंटीला अडकवल्यागत दिसतो अंगावर. आणि महिनाभर घरातून हलायला तयार नव्हता. का? तर म्हणे घुबडाला दगड मारला, आता औषध लागू पडायचं नाही.

कुणी शिकवलं हे त्याला? तुम्हीच की!

मेंढरांमागं फिरताना तुम्ही आम्हाला काय काय सांगायचा. टिटवीनं उंचावर अंडी घातली की पाऊस बरा, ओढ्यात घातली की दुष्काळ. चकवा लागला की सदरा उलटा घालायचा, वाट सापडते. अंधार पडल्यावर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, घुबड नाव ऐकून ठेवतं. मला लई आवडायचं ते सगळं. सासरी लिंबागणेशला माझी पोरं अजून विचारतात, टिटवीची अंडी दिसली का म्हणून. तेवढ्यावर थांबला असता तर काय बिघडलं असतं?

पण त्या साली मेंढ्या व्यायला आल्या होत्या, अन् लिंबावर घुबड बसायला लागलं. तुम्ही गोफण घेतली आणि भिरकावला दगड. घुबड उडालं. दगड कुठं पडला ते दिसलंच नाही. झालं! तुमचं म्हणणं, घुबडानंच तो उचलला, नदीत नेऊन टाकला, आता पाण्यात जसा दगड झिजणार तसे तुम्ही झिजणार. पुढं खोकला सुरू झाला, तर तुम्ही आधीच निकाल लावून बसलेले, दवाखान्यात यायलाच तयार नाही.

मी तेव्हा म्हटलं होतं, "आप्पा, आपल्या नदीला पाणी असतंय कितीसं? कोरड्या नदीत दगड झिजंल कसा?" तुम्ही हसलात. "वाळूत बी झिजतंय, शाले," म्हणालात. हसत होता आणि खोकत होता.

आणि माय! रोज सकाळी नदीत जायची आणि ओटीतून दगड आणायची. तुमचा दगड सापडला, उन्हात वाळवला, की झीज थांबणार म्हणे. तुमच्या खाटेपुढं धरायची, "ह्यो हाय का?" तुम्ही हातात घेऊन फिरवून बघायचा. "न्हाई." मग तो अंगणात पडायचा. मी माहेरी आले की अंगणात दगडच दगड. माझं डोकं फिरायचं. "माय, नवरा मरायला लागलाय अन् तू गोटे कसले येचतीस?" असं तोंडावर म्हणाले होते तिला. ती पदर खोचून परत नदीला गेली.

तुम्ही गेलात. मग एक दिवस तेच घुबड, का दुसरं कुठलं, परत त्या लिंबावर. बाळू पाणी तापवत होता. "माझा बाप खाल्लास बे!" म्हणत त्यानं चुलीचाच एक दगड उपसला आणि मारला. तोही परत सापडला नाही. आता ह्यालाही खोकला. म्हणजे पुढचं सगळं पाठच होतं त्याला!

मी काय केलं सांगू? हसू नका. माझ्या सासरच्या चुलीचा एक दगड काढला, पिशवीत घातला, एसटीनं नेकनूरला उतरले. गावाकडं येताना नदीत जरा वाळू चोळली त्याला, ओला केला. आणि बाळूपुढं ठेवला. "बघ, ह्याला एका अंगानं काजळी हाय. तुझाच ना?" बाळूनं बघितला. डोळे भरून आले त्याचे. "हाच हाय, आक्का," म्हणाला. माय बाजूलाच होती. तिनं दगड उचलला, पदरानं पुसला आणि म्हणाली, "घावला बाई येकदाचा. चल, आता औषध लागंल." सकाळच्या पहिल्या गाडीनं निघालो.

इथं आल्यावर ह्या खिडकीवरून त्या खिडकीवर, परत पहिल्या खिडकीवर. बाळू म्हणतो, "आक्का, चकवाच लागला, सदरा उलटा घालू का?" मी म्हटलं, घाल बाबा, छातीचा फोटो काढताना काढायचाच आहे. तेवढंच हसलो.

मग बाळू पाणी प्यायला गेला, तशी माय हळूच म्हणाली, "शाले, नदीत इतकं दिस पडलेल्या दगडाला काजळी ऱ्हाती व्हय? माझा पदर काळा झाला बघ."

मी गारच पडले. "मग बोललीस कावून नाही?"

"बोलले असते तर ह्यो उठला असता का?" आणि मग म्हणाली, "तुज्या बापाला मी रोज कशापायी दगड दाखवत होते? मला काय त्यो घावणार होता? म्हटलं, येकदा तरी हाय म्हनंल. हाय म्हनला की गाडीत घालून न्यायचं हितं. पर त्येंनी येकदा बी हाय म्हटलं न्हाई."

आप्पा!

ते अंगणभर दगड. प्रत्येक दगडामागं माय तुम्हाला दवाखान्यात चला म्हणत होती. आणि तुम्हाला गोफणीचा दगड न् दगड ओळखू यायचा! बाजारात मेंढी विकताना दात दाखवून वय खरं सांगणारा माणूस तुम्ही. कौतुक होतं मला त्याचं. पण बायको समोर उभी आहे, ओटीत दगड आहे, एकदा खोटं बोलला असता तर? एकदा? काय गेलं असतं तुमचं? की तुम्हाला कळलं होतं, आणि तरी नाही म्हणालात? सांगा ना. मला आज हे कळल्याशिवाय चैन पडायचं नाही, आणि तुम्ही तर सांगणार नाही.

थांबा. नाव पुकारलं.

पुकारलं, आप्पा. नर्सबाईनं दारातून बाळूचं नाव घेतलं, तुमच्या नावासकट. बाळू बसूनच. तुमच्यासारखा, दुसऱ्या हाकेची वाट बघत! बाई पुढचं नाव घेणार तेवढ्यात माय उठून उभी राहिली आणि सगळा दवाखाना वळून बघेल एवढ्या मोठ्यानं ओरडली, "हाय! हितं हाय माझा बाळू! आलाच!" आणि दंडाला धरून आत घेऊन गेली त्याला.

दोघं आत आहेत. काय निघंल ते निघंल, औषध मी गिळायला लावीन.

दगड माझ्या मांडीवर पिशवीत आहे. तो खोटा आहे हे बाळूला मी कधी सांगणार नाही, मायही नाही सांगणार. त्याच्या अंगावर सदरा नीट बसायला लागला की हा दगड तुमच्या अंगणातल्या चुलीला लावीन आणि त्याच्यावर त्याच्या अंघोळीचं पाणी तापवीन. हा शब्द देते तुम्हाला. आणि मायला परत नदीत जाऊ देणार नाही.

तिचा पदर अजून काळाच आहे. मघाशी धुऊ का म्हटलं, तर नको म्हणाली.

तुमच्यावर रागावलेली,
तुमचीच शालू