टेप पुरला नाही

मंगळवार, संध्याकाळ

आज दवाखान्यात मी खोटं बोलले, आणि आता भीती वाटतेय.

महापालिकेच्या दवाखान्यातल्या वजन तपासणी शिबिराला ह्यांना मीच हट्टानं नेलं. नर्सचा टेप ह्यांच्या पोटाभोवती पुरला नाही. हे मोठ्यानं म्हणाले, "सिस्टर, पैलवानाची तब्येत हाय ही! दुसरा टेप जोडा की!" रांग हसली. मीही हसले. तालीम सुटून वीस वर्षं झाली, खुराक मात्र तोच. तूप, बदाम, तांब्याभर दूध. तो तांब्या रोज मीच भरते ना?

मग नर्सनं मला विचारलं, "घोरता घोरता ह्यांचा श्वास थांबतो का?" हे माझ्याकडं बघत होते. मी "नाही" म्हणाले. तिनं कागदावर तसंच लिहिलं.

मी असं का म्हणाले? चारचौघांत त्यांच्या तब्येतीला आजार म्हणायची लाज वाटली म्हणून? आखूड पडलेला तो टेप डोळ्यांसमोरून हलत नाही.

श्वास थांबतो. काल दुपारीही थांबला होता. खांदा धरून हलवलं तेव्हा सुरू झाला.

उद्या एकटीनं जाऊन ते "नाही" खोडून घ्यायचं. आत्ता हे आत आडवे झालेत. घोरणं ऐकू येतंय तोवर लिहीत बसते.