उसना आणलेला गणपती

लोणावळा,
१२ फेब्रुवारी २०२५

आदरणीय आबा,
सविनय जयभीम.

इकडे आम्ही खुशाल आहोत. आकाशची ड्यूटी बदललीय, तेजलचा खोकला गेला. तुम्ही सुदुंबऱ्याहून पाठवलेला इंद्रायणी तांदूळ पोचला. गुडघ्याला तेल लावताय ना?

फोनवर सांगता येईना म्हणून लिहितेय. शनिवारी तुमचा फोन आला तेव्हा तुम्ही म्हणालात, "आज जयभीम न्हाई केलास पोरी. बरी हाईस न्हवं?" मी म्हटलं, गडबडीत आहे, ठेवते. खोटं बोलले. माझ्यासमोर दोन बाया बसल्या होत्या.

डोंगराकडं एक नवी खाजगी शाळा झालीय. तेजलला पहिलीला तिथं घालायचं आमच्या डोक्यात होतं. तिथं परीक्षा पोरांची नाही, घराची घेतात. शाळा म्हणजे त्यांचं एक कुटुंब आहे म्हणे, आणि नवं माणूस त्यात जुळणारं हवं. म्हणून पालकांतल्याच दोघी घर बघायला येतात. स्थळ बघायला यावं तशा!

मानसी मॅडम आणि त्यांच्यासोबत एक. सोफ्याच्या कडेवर टेकल्या, चहाला हात लावला नाही. गाव कुठलं, मूळचं आडनाव काय, मटण घरातच शिजतं का, सण कुठले करता. ती दुसरी तर उठून थेट स्वयंपाकघरात शिरली आणि फ्रीज उघडून बघितला! मला त्या मेलीची अशी शिसारी आली म्हणून सांगू. तरी मी हसतच होते. "आमच्याकडं सगळे एकाच वळणाचे पालक आहेत, म्हणून मुलांना जड जात नाही," असं मानसी मॅडम गोड गोड बोलत होत्या. कसलं वळण ते न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे?

नुसतं एवढंच असतं तर दोन शिव्या हासडून मोकळी झाले असते. पण त्या यायच्या आधी मी हॉलमधला बाबासाहेबांचा फोटो उतरवला होता, आबा. तुम्ही लग्नात दिलेला. चादरीत गुंडाळून दिवाणात कोंबला. आणि त्याच्या खालच्या फळीवर शेजारच्या अनिताताईंचा गणपती उसना आणून मांडला. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "अगं, वाटीभर साखर ने, देव कसला उसना नेतेस?" तरी नेला.

मानसी मॅडमनी विचारलं, "बाप्पा कधी आणला?" मी अडखळले. तर तेजल पटकन म्हणाली, "पहिल्यापासून आहे. आम्ही रोज आरती करतो."

तिला हे कुणी पढवलं नव्हतं. सहा वर्षांची पोर, नजरेला नजर देऊन धादांत खोटं बोलली. त्या बाईनं तिचा गालगुच्चा घेतला, "किती संस्कारी!" तोवर त्यांची किळस येत होती, तेव्हा माझीच आली.

सोमवारी निरोप आला, प्रवेश पक्का. आकाशनं पेढे आणले. पेढा खाता खाता तेजल म्हणते, "आई, शाळेत आजोबांना न्यायचं नाही हं. ते सगळ्यांसमोर जयभीम म्हणतात."

हातातला अर्धा पेढा मी परत खोक्यात ठेवला.

काल शाळेला नको म्हणून कळवलं. गणपती परत केला, फोटो जागेवर लावला. आकाश कालपासून बोलत नाहीये. म्हणतो, तू पोरीच्या नशिबाला लाथ मारलीस. मारली असेल. तेजल जाईल बाजाराजवळच्या शाळेत, तिथं कुणी फ्रीज उघडत नाही.

रविवारी या. नेहमीसारखं दारातूनच मोठ्यानं जयभीम म्हणा. तेजल काय उत्तर देते ते मला ऐकायचंय, आणि त्याचीच भीती वाटतेय.

त्या बायांना मी माझं नाव यशश्री सांगितलं होतं. तुम्ही ठेवलेलं खाली लिहिते.

तुमची,
यशोधरा