मागच्या रांगेतली जागा

८ नोव्हें., शनि.
आज वृंदगानाच्या तालमीत परत आल्टो, खालचा आवाज. नवीन गाणं, नदीवरचं, शिकवणाऱ्या बाईंनी स्वतः बांधलेलं. चाल कानावर पडली आणि पहिल्याच ओळीला माझा गळा वर निघाला. बाई पेटीवरून म्हणाल्या, "सुजाता, तू खाली."
दोन वर्षं झाली. कासार आंबोलीच्या या बंगल्यात पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या, तुझा कान पक्का आहे, थोडे दिवस आल्टो सांभाळ. वरचा आवाज सोप्रानोंचा. त्या अकरा जणी, गाण्याची चालही त्यांचीच. खाली आम्ही दोघी, मी आणि लतिका, मागच्या रांगेत. मी शेजारी नसले की लतिका सरळ चालीवर घसरते. मी आजारी पडले तर तालीम रद्द. पहिल्या वर्षी याचा अभिमान वाटायचा.

१२ नोव्हें.
शाळेतून आल्यावर रियाज. आई भाकरी थापत होती. आमच्या घरात माझा रियाज म्हणजे नुसता आल्टो. ते काही गाणं नव्हे, गाण्याखाली अंथरलेली सतरंजी. आई मागून गुणगुणत होती. लक्ष दिलं नाही, चौथीच्या वह्या तपासायच्या होत्या.

२२ नोव्हें., शनि.
ऋचा बंगलोरला चालली. सोप्रानोत जागा झाली.
सगळ्या चहाला गेल्यावर बाईंना विचारलं. चाळिशीची बाई मी, शाळेतल्या पोरीसारखी उभी राहून. त्या पेटी बंद करत म्हणाल्या, "ये ना वर. पण तुझ्या जागी कुणीतरी आणून दे. चालीला न भुलणारी."
कुठून आणू? आमच्या पौडात जी गाते तिला चालच तर येते.

२५ नोव्हें.
मधल्या सुट्टीत रिकाम्या वर्गात दार लावून सोप्रानो म्हणून पाहिलं. तिसऱ्या ओळीला गळा आपोआप खाली. पुन्हा म्हटलं. पुन्हा खाली. लहानपणी विहारात सगळ्यात उंच आवाज माझा असायचा. तो गेला कुठे?
म्हणजे जागा मिळाली तरी. जाऊ दे. घरी येऊन रडले.

३० नोव्हें., रवि.
विहारात वंदना झाली, तर आई म्हणते, "आता आमचं नवं गाणं ऐक."
आई पुढे आणि वस्तीतल्या दहा बायका तिच्यामागून. नदीचं गाणं. पण चाल नव्हे, माझा आल्टो. अख्खा, जसाच्या तसा, मी श्वास घेते त्या जागांसकट. रोज ऐकून तिला वाटलं गाणं हेच. तिने सगळ्यांना शिकवूनही टाकलं. आधी हसू आलं. मग ऐकतच राहिले, किती छान वाटत होतं ते.
पुन्हा म्हणाल्या तेव्हा मी हळूच वर खरी चाल लावली. आई तसूभर हलली नाही, फक्त कोपराने ढोसलं. संपल्यावर म्हणाली, "सुजे, तू चुकतीयास. आमचं नीट ऐक की."
चुकत नव्हते. तिसऱ्या ओळीला गळा घसरला नाही. खाली आई होती.

२ डिसें.
दोन दिवस डोक्यात तेच. आई चालीला भुलणार नाही, कारण तिच्या लेखी ती चालच नाही. बाईंना फोन केला. म्हणाल्या, घेऊन ये. ६ ला आम्ही दोघी चैत्यभूमीला, म्हणून १३ ठरली.
आई खूश. "बंगल्यात गायाचं? मी?" जरा वेळाने, "आन् तू कुटं उभी ऱ्हाशील?" म्हटलं, पुढे. "मंग मी?" म्हटलं, बघू.
गेल्या वर्षी आमचा कार्यक्रम ऐकून परतताना रिक्षात ती एवढंच बोलली होती. "तुला मागं का उभी करत्यात? आमी लई उभं ऱ्हायलो मागं. तेवढं पुरं झालं."

९ डिसें.
तिला सांगायला हवं. आई, तू म्हणतेस ते गाणं नाही, गाण्याचा खालचा अर्धा भाग आहे. आणि तो मागे उभं राहून म्हणतात.
सांगितलं तर ती येणार नाही. किंवा येईल, चाल समजून घेईल आणि लतिकासारखी घसरेल. दोन्हीकडून मी मागेच.
आज फोनमधली तालमीची रेकॉर्डिंग पुसून टाकली, तिने चुकून लावली तर म्हणून. स्वतःच्या आईपासून चाल लपवतेय मी. लाज वाटते. तरी पुसली.

१३ डिसें., शनि., दुपार
तीनची जीप. आईने ठेवणीतली पांढरी साडी काल इस्त्रीला दिली होती. सकाळपासून नेसून बसलीय. विहारातल्या दोघी बघून गेल्या.
मगाशी विचारलंच तिने. "मला पुढं उभी करत्याल ना? तुझ्या शेजारी?"
मी म्हटलं, अंबाडा सैल झालाय, थांब, घालून देते. ती पाठमोरी बसली. अंबाडा घालेपर्यंत गाणं म्हणत होती, एक सूर इकडचा तिकडे नाही. मी वरून चाल लावली, अगदी बारीक आवाजात. सगळी म्हटली, शेवटपर्यंत.
"अजून चुकतीयास," ती म्हणाली.
जीप आली. ती दारातून हाक मारतेय, "सुजे, चल की. ल्हितीयास काय?"