अकरा मिनिटं चाळीस सेकंद

ता. ९ नोव्हेंबर

प्रिय ठोंब्यास,

अनेक आशीर्वाद. चौपन्न वर्षांच्या माणसाला अशी हाक मारू नये हे कळतं, पण मोठ्या बहिणीचा तेवढा हक्क राहू दे. इकडे सगळं ठीक. माझा गुडघा अधूनमधून कुरकुरतो. तुझे मेहुणे निवृत्त होऊनही गल्लीभर लोकांची विजेची बटणं दुरुस्त करत फिरतात, आणि घरचा दिवा गेला की चार दिवस सांगावं लागतं.

तू तेहतीस वर्षांनी पुन्हा रबराच्या पिळावर उडणारी विमानं करतो आहेस आणि रविवारी सकाळी बॅडमिंटनचा हॉल मिळतो, हे वाचून फार बरं वाटलं. पुढे लिहिलंस, उड्डाणांच्या नोंदींची जुनी वही पाठव, त्या अकरा चाळीसच्या उड्डाणावरूनच नवं विमान बांधायचं आहे. तिथे मी तुझं पत्र मिटून ठेवलं. वही पंधरा दिवस टेबलावर पडून आहे. आधी म्हटलं कव्हर घालू, मग म्हटलं पोस्ट लांब पडतं.

काल ती चाळत बसले. शाळेचं ते सभागृह आठवलं. विमानाला वारा लागू नये म्हणून पंखे बंद, खिडक्या बंद, आपण दोघं घामाघूम, आणि तू श्वाससुद्धा जपून घ्यायचास. तू रबराला पीळ द्यायचास, मी मोजायचे. विमान सुटलं की मी स्टॉपवॉच दाबायचं, टेकलं की थांबवायचं. मग विमानाच्या नाकावरचा पंखा उलटा सोडत उरलेले पीळ मोजायचे. एका वेळी एकच बदल, आणि जे मोजलं नाही तो रकाना कोरा, हा तुझा कायदा. आई म्हणायची, एवढी वही अभ्यासाची ठेवली असतीस तर घराचे पांग फेडले असतेस. किती सुखाचे दिवस होते रे.

आता मुद्द्यावर येते, नाहीतर हेही पत्र फाडीन.

त्या अकरा चाळीसच्या दिवशी सभागृहात दिवे बसवायला एक वायरमन आला होता. आधीचं उड्डाण त्याच्या शिडीला धडकून दोन मिनिटं चाळीस सेकंदांत संपलं. तू पुन्हा पीळ दिलास. विमानाला वाट मिळावी म्हणून तो बिचारा शिडीवर अंग चोरून बसला आणि मी त्याच्याकडे बघत राहिले. घड्याळ शून्यावर आणायचं विसरले. तू विमान सोडलंस, मी बटण दाबलं, आणि काटा दोन चाळीसवरूनच पुढे निघाला. विमान टेकलं तेव्हा अकरा चाळीस झाले होते. खरी मिनिटं नऊच.

संध्याकाळी वहीत वरची दोन चाळीसची ओळ पाहिली तेव्हा लक्षात आलं. पण तू तोवर गावभर सांगून आला होतास, आणि मला वायरमनचं नाव काढायची लाज वाटली. पुढे त्याच्याशीच लग्न केलं, तरी हे काही तोंडातून निघालं नाही.

तीन वर्षं तू त्या आकड्यामागे धावलास. रबर बदललं, पंखा बदलला, शेपूट बदललं. दुसऱ्याची एका सेकंदाची चूक पकडणारा तू, ही ओळ कधी पडताळली नाहीस, कारण ती माझ्या हातची होती.

परवा तुझ्या मेहुण्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "वही पाठव, पण आधी खरं लिही. तो बिचारा पुन्हा त्याच आकड्याला डोकं आपटत बसेल."

म्हणून लिहिते. शेवटचं पान बघ. त्या दिवशी 'माझे हातच गेले' म्हणत तू विमान पायाखाली चिरडलंस आणि महिन्याभरात नोकरीसाठी निघून गेलास. त्या उड्डाणाची वेळ मीच मोजली होती, घड्याळ शून्यावर आणून. नऊ मिनिटं पस्तीस सेकंद. आपल्या वहीतलं ते सगळ्यांत लांब उड्डाण. तू जिंकला होतास बाळा, आणि सभागृहात ते मला एकटीलाच ठाऊक होतं. मी नुसत्या विमानाच्या मोडक्या काड्या गोळा केल्या. तेव्हा बोलले असते तर तू विचारलं असतंस, तीन वर्षं का गप्प बसलीस? त्या प्रश्नाला भ्याले.

अकरा चाळीसवर लाल रेघ मारली आहे आणि शेजारी सही केली आहे. नवं विमान शेवटच्या पानावरून बांध.

तुझा विजय तेहतीस वर्षं दाबून ठेवलेली,
ताई